युरिन कल्चरमध्ये सर्वात लहान आकडा मेरोपेनेमचा, मग नायट्रोफ्युरँटॉइन का लिहून देतात?

चौकस

प्रश्न रिपोर्ट कसा वाचायचा याबद्दल आहे, कुणा रुग्णाच्या उपचाराबद्दल नाही. लघवीच्या कल्चरचा, मशीनवर केलेला, हल्ली सर्रास दिसतो तसा एक नमुना घेऊ. जंतू ई. कोलाय, संख्या दर मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर, खाली शेरा 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' (म्हणजे जंतू बरीच प्रतिजैविकं मोडणारं एन्झाइम बनवतो). एमआयसीचे आकडे (मायक्रोग्रॅम दर मिलिलिटर) असे:

ॲम्पिसिलिन ≥३२, रेझिस्टंट
सेफ्ट्रायॅक्सोन ≥६४, रेझिस्टंट
सिप्रोफ्लॉक्सासिन ≥४, रेझिस्टंट
को-ट्रायमॉक्सॅझोल ≥३२०, रेझिस्टंट
पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ८, सेन्सिटिव्ह
ॲमिकासिन ≤२, सेन्सिटिव्ह
नायट्रोफ्युरँटॉइन ≤१६, सेन्सिटिव्ह
फॉस्फोमायसिन ≤१६, सेन्सिटिव्ह
मेरोपेनेम ≤०.२५, सेन्सिटिव्ह

एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. सेन्सिटिव्ह म्हणजे औषधाला दाद देणारा जंतू, रेझिस्टंट म्हणजे न देणारा. मेरोपेनेम पाव मायक्रोग्रॅमला काम करतं आणि नायट्रोफ्युरँटॉइन १६ ला, म्हणजे चौसष्टपट फरक. तरी पसंती नायट्रोफ्युरँटॉइनला का? दुसरं, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे सेन्सिटिव्ह लिहिलंय आणि तळटीप म्हणते 'गंभीर संसर्गात टाळावे'. हे एकाच कागदावर कसं? तिसरं, ज्याने सिप्रो कधी घेतलंच नाही त्याच्या जंतूत सिप्रोचा रेझिस्टन्स कुठून येतो?

अगारप्लेट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. दोन वेगळ्या औषधांचे एमआयसी एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. शिऱ्यात मीठ चिमूटभर आणि साखर वाटीभर लागते म्हणून मीठ 'जास्त जोरदार' ठरत नाही, तसंच हे. बघायचं ते इतकंच की तो आकडा त्याच औषधाच्या सीमारेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे. ई. कोलायसाठी सीएलएसआय (अशा चाचण्यांचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) हिच्या तक्त्यात मेरोपेनेम १ पर्यंत सेन्सिटिव्ह आणि ४ पासून रेझिस्टंट. नायट्रोफ्युरँटॉइन ३२ पर्यंत सेन्सिटिव्ह, ६४ इंटरमीजिएट, १२८ पासून रेझिस्टंट. या रेषा जंतूवरून आणि औषध शरीरात किती साठतं यावरून आखलेल्या असतात. त्यातला दुसरा भाग औषधशाळा सांगतील.

आता आकड्यांपुढच्या चिन्हांबद्दल. '≤१६' म्हणजे १६ नव्हे. मशीनच्या कार्डावर त्या औषधाची सर्वात खालची पायरी १६ ची होती आणि तिथेही जंतू वाढला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरा एमआयसी ४ असेल, ८ असेल, कार्ड सांगू शकत नाही. शिवाय पायऱ्या दुपटीने जातात: ०.२५, ०.५, १, २, ४. चाचणी उद्या पुन्हा लावली तर एक पायरी इकडे-तिकडे होणं पद्धतीतच धरलेलं आहे. त्यामुळे ०.२५ आणि ०.५ यांत काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. को-ट्रायमॉक्सॅझोलचा ३२० बघून दचकायचंही कारण नाही. ती ट्रायमेथोप्रिम १६ आणि सल्फामेथॉक्सॅझोल ३०४ यांची बेरीज आहे, प्रमाण १ ला १९. याच हिशेबाने सेन्सिटिव्हची रेषा ४० ला येते.

रेषा बदलतात हे मात्र फार कमी जण तपासतात. सिप्रोसाठी पूर्वी १ पर्यंत सेन्सिटिव्ह म्हणत, २०१९ मध्ये ती रेषा ०.२५ वर आली. ॲमिकासिनची २०२३ मध्ये १६ वरून ४ वर आली. मशीनमधलं सॉफ्टवेअर जुनंच असेल तर सिप्रोचा एमआयसी १ असलेला जंतू एका लॅबमध्ये सेन्सिटिव्ह आणि शेजारच्या लॅबमध्ये रेझिस्टंट निघतो, आणि दोघांचंही मोजमाप बरोबर असतं. कोणत्या वर्षाचा तक्ता वापरला हे रिपोर्टवर छापलेलं असलं पाहिजे. नसेल तर लॅबला विचारा, ती माहिती देणं त्यांचं कामच आहे.

मशीन नसेल तिथे डिस्क पद्धत चालते (जंतू फासलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचा) आणि ती नीट केली तर उत्तम आहे. गडबड होते ती ठरावीक जागी. प्लेटमधल्या म्युलर-हिंटन अगारची (जंतू वाढवायच्या जेलीची) जाडी ४ मिमी हवी. प्लेट जाड ओतली की औषध खाली झिरपतं, झोन लहान पडतो आणि सेन्सिटिव्ह जंतू रेझिस्टंट दिसतो. पातळ ओतली की उलट. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं प्रमाणित माप) इतकं गढूळ हवं, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण १ ते २ कोटी नव्हे तर १० ते २० कोटी जंतू (हे शून्य हमखास चुकतं). डोळ्यांनी अंदाज करून पातळ द्रावण फासलं की झोन फुगतात. द्रावण तयार झाल्यापासून पंधरा मिनिटांत प्लेटवर फासायचं, मग ३५ अंशांना १६ ते १८ तास. दोन डिस्कच्या केंद्रांत किमान २४ मिमी अंतर. ई. कोलायचा प्रमाणित वाण, एटीसीसी २५९२२, नियमाने लावून त्याचे झोन ठरलेल्या मर्यादेत येतात का ते बघायचं. तेच येत नसतील तर त्या दिवशीचे रुग्णांचे रिपोर्ट सोडायचे नाहीत. कोलिस्टिन डिस्कवर करायचंच नाही, त्याचा रेणू इतका मोठा आहे की अगारमध्ये नीट पसरतच नाही.

दहाचा_लूप

एक भर. एवढं सगळं बिनचूक केलं आणि नमुनाच वाईट असेल तर रिपोर्ट सुंदर आणि निरुपयोगी. पहिली धार सोडून मधली लघवी घ्यायची, निर्जंतुक डबीत, आणि दोन तासांत लॅबमध्ये. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ४ अंशांना, तिथे २४ तास चालते. बाहेरच्या उन्हात, स्कूटरच्या डिकीत तीन तास राहिलेल्या नमुन्यात ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. तीन तासांत नऊ दुपटी, म्हणजे ५१२ पट. दोनशेचे लाख झाले.

कॅथेटर असेल तर पिशवीतली लघवी कधीही पाठवायची नाही. नळीचा नमुना घ्यायचा भाग पुसून, सुईने. तीन किंवा जास्त प्रकारचे जंतू उगवले तर ते बहुधा त्वचेवरचे आणि आसपासचे. त्यांचा सेन्सिटिव्हिटी तक्ता छापणाऱ्या लॅबपेक्षा 'नमुना पुन्हा पाठवा' म्हणणारी लॅब चांगली.

आणि सर्वात आधीचा प्रश्न: जळजळ, वारंवार लागणं, ताप, यातलं काही आहे का? लक्षणं काहीच नसतील तर एक लाखाच्या वर वाढ असूनही बहुतेकांना औषध देत नाहीत. अपवाद गर्भवती आणि मूत्रमार्गात रक्त येईल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण. वयस्कर माणसांत, मधुमेहात, कॅथेटर असताना अशी मुकी वाढ खूप दिसते आणि तिच्यावर फुकट प्रतिजैविकं जातात.

औषधशाळा

औषध कुठे पोचतं, यावर सगळा खेळ. नायट्रोफ्युरँटॉइन पोटातून शोषलं जातं आणि मूत्रपिंडं ते इतक्या झपाट्याने बाहेर टाकतात की रक्तात त्याचं प्रमाण १ मायक्रोग्रॅमच्याही खाली राहतं, लघवीत मात्र ५० ते २०० च्या घरात जातं. एमआयसी १६ असला तरी मूत्राशयात औषध कितीतरी पटीने जास्त. याच कारणाने ते मूत्राशयाच्या संसर्गापुरतंच. ताप, थंडी, कुशीत दुखणं असेल, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडात गेला असेल, तर रिपोर्टवर सेन्सिटिव्ह लिहिलेलं असूनही ते चुकीचं औषध. फॉस्फोमायसिनच्या पुडीचंही साधारण तसंच. पुरुषांत प्रोस्टेटमध्ये संसर्ग असल्याची शंका असेल तरी नायट्रोफ्युरँटॉइन तिथे पोचत नाही.

मेरोपेनेम शिरेतून, दर आठ तासांनी. त्याचा अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) तासाभराचा, म्हणून डोस मोठा देण्यापेक्षा तो एमआयसीच्या वर किती वेळ टिकतो याला महत्त्व. ॲमिकासिनचं उलट: शिखर जितकं उंच तितका मार जोरात, म्हणून दिवसाचा डोस एकदाच. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला मेरोपेनेम देणं म्हणजे पुढच्या वेळी रक्तात संसर्ग झाला तर वापरायचं औषध आजच खर्च करणं. आणि ते फक्त मूत्राशयात जात नाही, आतड्यातल्या सगळ्या जंतूंवरून नांगर फिरवतं.

नायट्रोफ्युरँटॉइन घेताना हमखास चुकणाऱ्या गोष्टी सांगतो. दीर्घकाळ विरघळणारी १०० मिग्रॅची कॅप्सूल दर १२ तासांनी, पाच दिवस, हा रूढ कोर्स. ती जेवणाबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी मळमळ होते आणि शोषणही कमी होतं. लघवी तपकिरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेटवालं अँटासिड सोबत नको, औषध त्याला चिकटून बसतं. आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी विसंगती: त्याच चिठ्ठीवर लघवीची जळजळ कमी करायचं सायट्रेटचं सिरप. ते लघवी अल्कधर्मी करतं, आणि नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त प्रभावी असतं. दोन्ही एका चिठ्ठीवर दिसली तर डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मूत्रपिंडांचं काम बरंच घटलं असेल (ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा आकडा, ३० च्या खाली, ब्रिटनमध्ये सर्वसाधारण रेषा ४५ ची) तर ते लघवीत पुरेसं उतरत नाही आणि रक्तात साठतं, म्हणजे उपयोग कमी आणि नसांना त्रास जास्त. जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) याची कमतरता असणाऱ्यांना आणि बाळंतपणाच्या तोंडावर नाही. प्रोटियस या जंतूवर ते मुळातच चालत नाही, त्यामुळे 'मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं' म्हणून कल्चरशिवाय परत घेणं अंधारात तीर मारणं.

फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच पुडी, अर्धा ग्लास साध्या पाण्यात विरघळवून, रिकाम्या पोटी, रात्री झोपताना लघवी करून आल्यावर. गरम पाण्यात नाही. रात्रीच का? मूत्राशयात ते जास्तीत जास्त तास साचून राहावं म्हणून.

जनुकवेडा

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, पण आधी पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूला मारतात कशी ते बघू.

ई. कोलायची भिंत साखरेच्या साखळ्यांची. त्या साखळ्यांना अमिनो आम्लांच्या छोट्या शेपट्या असतात आणि त्या एकमेकींना टाचल्या की जाळं घट्ट होतं. टाचणारं एन्झाइम शेपटीच्या टोकाचे दोन डी-ॲलानिन ओळखतं. पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन, मेरोपेनेम या सगळ्यांच्या पोटात बीटा-लॅक्टम नावाची चौकोनी कडी आहे आणि तिचा आकार नेमका त्या टोकासारखा. एन्झाइम फसतं, कडी उघडून औषधाशी जोडलं जातं आणि तिथेच अडकतं. जुनी भिंत तोडण्याचं काम मात्र चालू राहतं. टाके पडत नाहीत, उसवण थांबत नाही, आतल्या दाबाने जंतू फुटतो. जो जंतू वाढत नाही, भिंत बांधत नाही, त्याला यातलं काही होत नाही.

बीटा-लॅक्टमेज हे त्याच टाचणाऱ्या एन्झाइमचं जणू भावंड. तेही कडी उघडतं, पण अडकत नाही. पाण्याच्या रेणूने औषधाचा तुकडा सोडवून टाकतं आणि पुढच्या रेणूला तयार. पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं, औषध बाजारात येण्याच्या आधी. ईएसबीएल म्हणजे ज्यांच्या तावडीत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनंही (सेफ्ट्रायॅक्सोन, सेफिक्सिम अशी) येतात असे बीटा-लॅक्टमेज. भारतात त्यात मोठा वाटा सीटीएक्स-एम-१५ चा. २००१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं तेच मुळी दिल्लीतल्या जंतूंमधून.

टॅझोबॅक्टम हे या एन्झाइमसाठी आमिष. एन्झाइम त्यात गुंततं, पिपरासिलिन मोकळं राहतं. प्लेटवर हे झकास चालतं. पण चाचणीत जंतूंची संख्या ठरावीक आणि कमी असते, मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख. संसर्ग दाट असेल तर एन्झाइमही भरपूर, आमिष पुरत नाही. त्यातच अनेक जंतूंकडे ओएक्सए-१ नावाचं दुसरं एन्झाइमही असतं, त्याला टॅझोबॅक्टम फारसं रोखत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत, सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला (त्याच्याच नात्यातला दुसरा जंतू) रक्तात सापडलेल्या रुग्णांत, ३० दिवसांतले मृत्यू पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के आणि मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के होते. तळटीप तिथून आलेली. ती रक्तातल्या संसर्गाबद्दल आहे. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आधीच सुरू झालं असेल आणि रुग्ण सुधारत असेल तर निव्वळ टिपेपायी ते बदलायची गरज नसते.

आता सिप्रो. ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या गायरेज एन्झाइमला धरतं. गायरेजच्या ८३ व्या जागी सेरीनऐवजी ल्युसिन आलं, ८७ व्या जागीही बदल झाला, की पकड सुटते. हे बदल जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर, आईकडून मुलीकडे जाणारे. सीटीएक्स-एम-१५ मात्र प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं, जे शेजारच्या जंतूला, अगदी ई. कोलायकडून क्लेब्सिएलालाही, देता येतं. त्याच प्लाझ्मिडवर बहुधा सल्फा, ट्रायमेथोप्रिम यांचे आणि सिप्रोला किंचित बोथट करणाऱ्या एन्झाइमचे जनुक रांगेत बसलेले असतात. एकाची निवड झाली की सगळी वरात सोबत येते. म्हणून सेफिक्सिम घेतलेल्या माणसात सिप्रो आणि को-ट्रायमॉक्सॅझोल दोन्हींना दाद न देणारा जंतू वाढू शकतो. आणि काहीच न घेतलेल्या माणसालाही तो तयार मिळतो: पाण्यातून, हातांतून, घरातल्या दुसऱ्याच्या आतड्यातून, रुग्णालयातून. एसटी१३१ नावाचं ई. कोलायचं एक घराणं हेच सामान घेऊन जगभर पसरलं आहे.

नायट्रोफ्युरँटॉइन अजून टिकून आहे त्याचंही कारण इथेच. ते स्वतः विष नाही, जंतूचीच दोन एन्झाइमं त्याचं विषात रूपांतर करतात आणि मग ते एकाच नव्हे, अनेक ठिकाणी घाव घालतं. पूर्ण रेझिस्टन्ससाठी त्या दोन्ही एन्झाइमांचे जनुक बिघडावे लागतात.

भाबडा_बॅसिलस

छान लिहिलंय सगळ्यांनी. पण मूळ कारण लोक कोर्स अर्धवट सोडतात हेच ना? दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद, मग उरलेले जंतू औषध ओळखायला शिकतात आणि शरीराला औषधाची सवय होते.

औषधशाळा

भाबडा, यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत.

शरीराला सवय होत नाही. रेझिस्टंट होतो तो जंतू. 'माझ्या अंगाला ॲझिथ्रोमायसिन लागू पडत नाही' हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं, पण त्याला अर्थ नाही. त्याच माणसाच्या पुढच्या आजारातला जंतू वेगळा असू शकतो.

जंतू शिकत नाहीत. बदललेले आधीच गर्दीत असतात किंवा बाहेरून येतात, औषध फक्त बाकीच्यांना बाजूला करतं. आणि ती गर्दी मुख्यतः संसर्गाच्या जागी नाही, आतड्यात असते. गोळी घेतली मूत्राशयासाठी, पण तिच्यापैकी जेवढी आतड्यात उतरते तेवढी तिथल्या कोट्यवधी निरुपद्रवी ई. कोलायना रोज चाळणी लावते. म्हणून दिवस जितके जास्त तितकी निवड जास्त. 'कमी दिवस घेतलं म्हणून रेझिस्टन्स' हे क्षयरोगात खरं आहे, कारण तिथे सुप्त जंतू असतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि एकटं औषध पडलं की बदललेले जंतू वर येतात. साध्या जिवाणू संसर्गांत तसा पुरावा नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर खणखणीत लेख आला होता आणि बरीच चर्चा झाली. त्यानंतरही दिशा लहान कोर्सकडेच आहे: मूत्राशयाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस, को-ट्रायमॉक्सॅझोल चालत असेल तर तीन.

याचा अर्थ गोळ्या मनाने बंद करा असा नाही. किती दिवस हे डॉक्टरांनी संसर्गाच्या जागेवरून ठरवायचं. पाचऐवजी दोनच दिवस घेतल्याने संसर्ग उलटू शकतो, आणि उरलेल्या सहा गोळ्या डब्यात जातात. मग तीन महिन्यांनी घरातल्या कुणाला तरी सर्दी होते, जी विषाणूंची असते, आणि डबा उघडतो. आपल्याकडचा मोठा गळका नळ तो आहे. दुसरा म्हणजे चिठ्ठीशिवाय काउंटरवर मिळणाऱ्या सुट्या गोळ्या. मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं आणि मेरोपेनेमसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत: पाकिटावर लाल चौकटीत इशारा, आणि केमिस्टने डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं. सेफिक्सिम यात येतं हे ग्राहकांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

चौकस

एकेक गोष्ट जागेवर बसली. शेवटचं: आज रेझिस्टंट निघालेलं औषध वर्षभराने पुन्हा चालू शकतं का? आणि जुना रिपोर्ट फेकून द्यायचा का?

जनुकवेडा

चालू शकतं. औषधाचा दाब नसला की आतड्यातलं ईएसबीएलवाल्यांचं प्रमाण बऱ्याच जणांत काही महिन्यांत घसरतं, काहींत वर्षाहून जास्त टिकतं. पण भरवसा धरता येत नाही. काही प्लाझ्मिडांवर विष आणि उतारा अशी जोडी असते, उतारा लवकर संपतो आणि विष टिकतं. प्लाझ्मिड गमावणारी मुलगी-पेशी त्या विषानेच मरते, त्यामुळे औषध नसतानाही ते सुटत नाही.

अगारप्लेट

जुना रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी नवा हातात येईपर्यंतच्या दोन दिवसांत डॉक्टरांना पहिलं औषध निवडायला तोच उपयोगी पडतो. गेल्या सहा महिन्यांतला असेल तर विशेष. मात्र तेव्हाही नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. एक डोस पोटात गेल्यावर घेतलेल्या लघवीत औषध इतकं असतं की प्लेटवर बऱ्याचदा काहीच उगवत नाही, आणि 'नो ग्रोथ' छापून येतं.